उजवी विंग

१

वसुधाचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. हात चिकट झालेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"विनीता, आज दुपारी आपण पबमध्ये जायचंय. नाही म्हणू नकोस."

दाराशी बूट घालणाऱ्या श्रीधरनं, माझ्या नवऱ्यानं, मान वर केली. "मंगळवारी दुपारी? दोघी? आणि मला डब्यात भेंडी?"

"जळू नकोस रे," वसुधा फोनमधून म्हणाली. "ग्रीन शटर्स बंद होतंय. पुढच्या आठवड्यात थिएटरच्या खुर्च्या काढणार आहेत. काल अंकल टॅनचा मेसेज आला. एकदा बघून येऊ."

श्रीधरनं बुटाच्या नाड्या बांधल्या. मग हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "जा. पण तिला एकटीला सोडू नकोस."

ग्रीन शटर्स म्हणजे सिटी हॉलजवळच्या गल्लीतला जुना पब. शंभराहून अधिक वर्षांची इमारत, वरच्या मजल्याला हिरव्या लाकडी झडपा. पुढे पब, आणि त्याच्या पाठीला जोडलेलं साठ खुर्च्यांचं थिएटर. मोठ्या नाट्यगृहात आमचे प्रेक्षक हरवून गेले असते. इथं साठ माणसं आली की हाऊसफुल्ल. २००३ ते २००७ अशी पाच वर्षं आमच्या मराठी ग्रुपच्या सगळ्या एकांकिका तिथं झाल्या. लिहायचा आणि बसवायचा प्रताप, वसुधाचा नवरा. मुख्य कामं त्या दोघांची. बाकीचे वर्ष-दोन वर्षं असायचे, मग कुणाची कंपनी बदलायची, कुणी मायदेशी परत जायचं. मी प्रॉम्प्टर. ग्रुपमध्ये सगळे इंजिनियर नाहीतर मॅनेजर. मी बारावीनंतर लग्न होऊन आलेली. मला अभिनय येत नाही, पण वाचता नीट येतं, आणि एका जागी शांत बसता येतं.

२००८ साली प्रताप ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत गेला. एकोणपन्नासाव्या वर्षी.

त्यानंतर चार महिने मी बुकित बातोकच्या माझ्या घरून रोज बुकित पंजांगला तिच्याकडे डबा घेऊन जात होते, कारण वसुधानं खाणं सोडलं होतं. एकदा माझ्यासमोर वरणभात कालवता कालवता ती म्हणाली, "त्यानं एक हाक मारली ना विनीता, तर मी पायात चप्पलसुद्धा घालणार नाही. तशीच जाईन." रडत नव्हती. मीठ कमी आहे म्हणावं, तसं म्हणाली. म्हणूनच ते माझ्या मनातून गेलं नाही.

याला सात वर्षं झाली होती. आता तिची मुलगी निहारिका पुण्यात होती, तिला आठवा महिना लागला होता. वसुधा कायमची तिकडे जाणार होती. रविवारचं तिकीट होतं. त्याआधी दोन तिकिटं तिनं रद्द केली होती. एकदा ताप आला म्हणून, एकदा उगीचच. निहारिका मला फोनवर म्हणाली होती, "मावशी, आई तुझं ऐकते. या वेळी तिला विमानात बसव. मला ती इथं हवीय गं."

मी हो म्हटलं होतं.

२

जुराँग ईस्टला गाडी बदलून आम्ही सिटी हॉलला उतरलो तेव्हा पावणेदोन झाले होते. वसुधानं निळी कॉटनची साडी नेसली होती. इथं ती साडी फक्त दिवाळीला आणि प्रयोगाला नेसायची.

"एवढं नटून?"

"पबला जायचं म्हणजे काय मग? तू मात्र भाजी आणायला निघाल्यासारखी आलीयेस."

पब तीनला उघडतो. अंकल टॅननं आमच्यासाठी बाजूचं दार उघडलं. पब सांभाळणारा, साठीच्या पुढचा माणूस, पण चालणं अजून तुरुतुरु. "आयो, आंटी! सो लाँग नेव्हर कम!" मला आंटी आणि वसुधाला मॅडम, हे त्याचं पहिल्यापासूनचं.

आत तोच वास होता. लाकडाचं पॉलिश, जुनी बिअर आणि लिंबू. लांबलचक बार, त्याची काळी पडलेली पितळी कड, वर संथ फिरणारे पंखे. तालीम संपली की आम्ही कोपऱ्यातल्या गोल टेबलाभोवती बसायचो. बहुतेक जण बिअर घ्यायचे, मी आणि वसुधा लाइम ज्यूस. प्रताप शर्टाच्या खिशातून घरचा चिवडा काढायचा. भिंतीवर ठसठशीत पाटी: बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. अंकल टॅन तरातरा यायचा, पाटीकडे बोट दाखवायचा, "कॅनॉट, कॅनॉट लाह!" म्हणायचा, आणि मूठभर चिवडा घेऊन परत जायचा. दर वेळी. प्रताप म्हणायचा, "हा दंड आहे, वहिनी. दंड भरला की गुन्हा माफ."

"मिस्टर प्रताप, व्हेरी फनी मॅन," अंकल टॅन आमच्यासमोर लाइम ज्यूस ठेवत म्हणाला. मग वसुधाकडे बघून ओशाळला.

"इट्स ओके, अंकल," वसुधा म्हणाली. तिनं पर्समधून एक डबी काढली आणि त्याच्या हातात दिली. चिवडा होता. म्हाताऱ्यानं ती दोन्ही हातांत धरली. नाक ओढलं.

थिएटरची किल्ली देताना त्यानं एवढंच सांगितलं, की उजव्या विंगेतून बाहेर जायचं दार आता नाही. तीन वर्षांपूर्वी शेजारच्यांनी त्यांची बाजू वाढवली तेव्हा तिथं भिंत घातली. काळा पडदा आहे, पण त्याच्यामागे हातभर जागा आणि मग विटा. "राइट साइड, ओन्ली वॉल. यू डोन्ट बँग युवर हेड, हां."

आम्ही हसलो.

३

पबमधून थिएटरकडे जायला एक अरुंद बोळ आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. बोळ डाव्या विंगेत उघडते. तिथंच माझी खुर्ची असायची.

खुर्ची अजून होती. तीच की तशीच दुसरी, कोण जाणे, पण तिथं होती. मी बसले आणि गुडघ्यांना ओळखीचा लाकडी खांब लागला. पाच वर्षं इथं बसून मी सगळी नाटकं पाहिली, पण कुठल्याच नाटकाचा चेहरा पाहिला नाही. मला दिसायच्या त्या वसुधाच्या एका बाजूच्या बटा, प्रतापचा उजवा खांदा, आणि समोर पलीकडे उजव्या विंगेचा काळा पडदा. प्रताप नेहमी त्या पडद्यामागून यायचा. एन्ट्रीच्या आधी तो अगदी पडद्याला खेटून उभा राहायचा, त्यामुळे पडद्याला मध्यभागी फुगवटा यायचा, आणि त्याच्या श्वासाबरोबर तो जरासा हलायचा. प्रेक्षकांना ते दिसत नसे. मला दिसायचं. मी त्याला सांगितलंही होतं. "म्हणजे मी येतोय हे तुम्हाला आधी कळतं तर," तो म्हणाला होता.

वसुधानं रंगमंचाच्या मधोमध ठेवलेला उभा दिवा लावला. बाकी अंधार होता. रिकाम्या खुर्च्यांच्या पाठी रांगेनं दिसत होत्या. तिनं पिशवीतून लांबट वही काढून माझ्यापुढे धरली.

"सामान बांधताना सापडली."

माझीच वही. प्रॉम्प्टिंगची. माझ्याच अक्षरात प्रतापची शेवटची एकांकिका, 'पत्ता बदललाय'. इथं परक्या देशात दर दोन वर्षांनी भाड्याचं घर बदलणाऱ्या जोडप्याची गोष्ट. दोघंच. पूर्ण नाटकभर खोकी बांधतात आणि भांडतात.

"शेवटचा प्रवेश करू या," वसुधा म्हणाली. "एकदाच. त्याची वाक्यं तू वाच."

"मला नाही गं येणार असं."

"अभिनय नको करूस. वाच नुसती. रविवारी मी जाणार, पुढच्या आठवड्यात हे थिएटर जाणार. मग कुठे करायचं?"

मी वही उघडली. तिनं सँडल काढून माझ्या खुर्चीशेजारी ठेवल्या, वाकून रंगमंचाला हात लावला, तो कपाळाला लावला. आम्ही सगळे तसंच करायचो. रंगमंचावर कुणी चप्पल घालून गेलेलं प्रतापला खपायचं नाही. ती अनवाणी मधोमध जाऊन उभी राहिली, आणि का कोण जाणे, तिच्या उघड्या टाचांकडे बघून मला बरं वाटलं नाही.

४

प्रॉम्प्टिंग लोकांना सोपं वाटतं. त्यात कुजबुजायचं नसतं. कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत जाते. श्वासाखालच्या सपाट आवाजात, वाक्याचे पहिले दोन-तीनच शब्द द्यायचे. नटाला ते ऐकू आले हे कळायच्या आत त्याच्या जिभेनं ते घेतलेले असतात. वसुधाला तर इतकी सवय होती की मी 'आज सकाळी' म्हटलं की तिच्या तोंडून पुढचं वाक्य आपोआप बाहेर यायचं. "मी विचारच करत नाही," ती म्हणायची. "तू दिलंस की मी घेते."

आणि सगळ्यांत अवघड म्हणजे नट विसरलाय की थांबलाय हे ओळखणं. माझ्या पहिल्याच प्रयोगात प्रताप एका जागी थांबला. एक, दोन, तीन... मी घाबरले आणि वाक्य दिलं. चांगलं ठणठणीत. पहिल्या दोन रांगा हसल्या. प्रयोगानंतर मी रडकुंडीला आले होते. प्रताप म्हणाला, "वहिनी, तो माझा पॉझ होता. मेहनतीनं घेतलेला." मग पुढे कित्येक महिने, कुणी घास घ्यायला थांबलं तरी म्हणायचा, "देऊ नका, वहिनी, पॉझ आहे."

मी वाचायला सुरुवात केली.

"या खोक्यावर काय लिहू?"

"लिही, किरकोळ."

"मागच्या वेळीही किरकोळच लिहिलं होतंस. ते खोकं अजून उघडलेलं नाही."

"मग त्याच्यावर किरकोळ, जुनं, असं लिही."

तिचा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. चांगल्या अर्थानं. आठ वर्षांनीही एक शब्द हुकत नव्हता. दिव्याच्या पिवळ्या उजेडात ती चाळिशीची दिसत होती. मला वाटलं, बरं झालं आलो. बोळीतून पबमधल्या फ्रिजची घरघर येत होती, तीही तेव्हासारखीच. क्षणभर असं झालं की प्रयोग संपल्यावर सगळे बाहेर गोल टेबलाशी जमणार आहेत, आणि मला श्रीधरला फोन करून सांगायचंय की तू जेवून घे, आम्हाला उशीर होईल.

पाचव्या-सहाव्या वाक्याला लक्षात आलं, की माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच ती उत्तर देतेय.

५

त्यात विशेष काही नव्हतं. तिला सगळं पाठ होतं, आणि मी वाचते हळू. मी स्वतःला तसं सांगितलं आणि जरा वेग वाढवला.

तरी तेच. मी "तुला आठवतं, पहिल्या घरात" एवढं म्हणेपर्यंत तिनं मान वर केली होती, ऐकून झाल्यासारखी. आणि ती माझ्या बाजूला बघत नव्हती. नटी प्रॉम्प्टरकडे बघत नाही, हे खरं. पण समोर कुणीच नसताना माझ्याकडे बघायला काय हरकत होती? तिची नजर कधी खोक्याच्या जागी, कधी जरा वर. प्रतापच्या उंचीला.

मग मी एक गोष्ट केली. आता वाटतं करायला नको होती. एक वाक्य मी मधेच तोडलं. "त्या खिडकीतून काही दिसायचं नाही, पण..." आणि थांबले.

वसुधा उभी होती. चेहऱ्यावर ऐकण्याचा भाव. उरलेलं वाक्य म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ गेला, आणि ती म्हणाली, "तूच म्हणालास, खिडकी आहे हे महत्त्वाचं."

बरोबर होतं. वहीत तसंच होतं. पाठांतर चांगलं असलं की माणूस मनातल्या मनात समोरच्याचं वाक्यही म्हणतो. मी स्वतः तालमीत तसं करायचे.

पुढचं वाक्य मी वाचलंच नाही. वहीवर बोट ठेवून बसले. प्रतापचं वाक्य होतं, "चहाची भांडी शेवटी बांधू."

शांतता. मग वसुधा खुदकन हसली.

वहीत तिथं हसू नाही. तिथं ती रागावते. पण तालमीत प्रताप तिला हसवायला नेमक्या याच जागी वाक्य बदलायचा. रोज काहीतरी नवं, कधी वात्रट. ती हसली की म्हणायचा, कट, नटीचं मन कामात नाही. ती आत्ता तशी हसली होती. पहिल्यांदा ऐकल्यासारखी, हात तोंडावर नेऊन.

"गप रे," ती म्हणाली. "विनीता बसलीय तिकडे."

६

मी उठायला हवं होतं. दिवे लावायला हवे होते, नाहीतर मोठ्यानं म्हणायला हवं होतं, चल गं, पुरे, ट्रेनला गर्दी होईल. मी नाही उठले. खरं सांगायचं तर तिचा चेहरा मला बघत राहावासा वाटत होता म्हणून नाही उठले. सात वर्षांत मी तिला इतकं सुखी पाहिलं नव्हतं. माझ्या डब्यांनी, फोननी, सगळ्यांनी मिळून जे झालं नव्हतं ते इथं दहा मिनिटांत झालं होतं. ते मोडायचा मला काय अधिकार, असं वाटलं.

आणि मनाचा एक भाग हिशोब लावत होता. ती एकटी राहिलेली बाई आहे. नवऱ्याशी मनात बोलत असणार. आज मोठ्यानं बोलली, एवढंच.

तेवढ्यात चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला. रुंद, तपकिरी, खोकी बांधायची पट्टी असते, तिचा. टर्रर्र, मग कापल्याचा छोटा खट्. मी मनात म्हटलं, अंकल टॅन पबमधलं सामान बांधतोय. पुन्हा टर्रर्र. खट्.

पब माझ्या पाठीशी होता. आवाज समोरून येत होता. उजवीकडून.

जुन्या इमारतीत आवाज कुठून कुठे फिरतात सांगता येत नाही. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं काही चालू असेल. मी वहीत बघितलं. पानावर, माझ्याच अक्षरात, कंसात लिहिलेलं होतं: तो आत शेवटचं खोकं बांधतो. आवाज.

वसुधा उभ्या दिव्याजवळ गेली होती. आता दोनच वाक्यं उरली होती. वही न बघताही मला माहीत होती. तो बाहेरून हाक मारतो, "अगं, लॉरी आली. येतेस ना?" ती म्हणते, "तू हो पुढे. मी दिवा मालवते आणि आलेच." मग दिवा मालवते, अंधारात त्याच्यामागोमाग उजव्या विंगेत जाते, आणि पडदा.

त्याच्या वाक्याआधी प्रताप पॉझ घ्यायचा. मोठा. सगळ्यांत मोठा.

मी ते वाक्य वाचणार नव्हते. ओठ घट्ट मिटून घेतले होते. मी वाचलं नाही तर हाक येणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. लहान मुलासारखं.

थिएटर शांत होतं. फ्रिजची घरघरही थांबली होती. फ्रिज मधूनमधून थांबतोच. मी वसुधाकडे बघत होते, वसुधा उजवीकडे बघत होती, म्हणून मीही तिकडे पाहिलं.

काळ्या पडद्याला मध्यभागी फुगवटा आला होता. माणसाच्या छातीच्या उंचीला. तो जरासा पुढे येत होता, जरासा मागे जात होता.

७

एसी असेल. एसीचा झोत असेल. मी हेच म्हणत राहिले. पण माझ्या बाजूचा पडदा, हातभर अंतरावरचा, सरळ रेषेत लोंबत होता.

ती हाक मी ऐकली नाही. शपथेवर सांगते, मला काहीही ऐकू आलं नाही. मी फक्त वसुधाचा चेहरा पाहिला. माणूस गर्दीत उभा असताना कुणी नावानं बोलावलं की चेहरा कसा उघडतो, तसा तो उघडला.

"तू हो पुढे," ती म्हणाली.

तिचा हात दिव्याच्या बटणावर होता. अनवाणी पाऊल उजवीकडे वळलं होतं. तिकडे काही नव्हतं. हातभर जागा आणि विटा. ती फार तर भिंतीला धडकली असती, नाही का? मी आजही हे स्वतःला विचारते. त्या वेळी मात्र मला पक्कं ठाऊक होतं, की दिवा मालवला तर परत लावल्यावर रंगमंचावर कुणी नसेल, पडद्यामागे कुणी नसेल, आणि माझ्या खुर्चीशेजारच्या सँडल घेऊन मला पुण्याला फोन करावा लागेल.

हाक मारली असती तर तिनं ऐकली नसती. पळत गेले असते तर पोचले नसते. मला एकच गोष्ट येत होती, ती मी केली. श्वासाखालच्या सपाट आवाजात, पाच वर्षं दिलं तसं, मी वाक्य दिलं.

"मी नाही येत."

आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं वाक्य दिलं.

तिच्या जिभेनं ते घेतलं. "मी नाही येत," वसुधा म्हणाली, मोठ्यानं, भूमिकेच्या आवाजात. मग दचकली. बटणावरचं बोट तसंच राहिलं.

मी थांबले नाही. थांबले असते तर तिनं स्वतःचं वाक्य शोधलं असतं. "निहारिका वाट बघतेय."

"निहारिका..." ती म्हणाली. नाटकातल्या बाईला मूल नाही. "निहारिका वाट बघतेय." आणि दुसऱ्यांदा म्हणताना आवाज नाटकातल्या बाईचा राहिला नाही. फाटला.

उजवीकडे काही झालं नाही. आवाज नाही, पावलं नाहीत. वसुधा पडद्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलले. एकच शब्द. मला ऐकू आला नाही. मग तो फुगवटा हळूहळू, श्वास सोडल्यासारखा, मागे मागे गेला आणि पडदा सपाट झाला.

दिवा जळत होता.

८

मी तिला हाताला धरून खाली आणलं. तिनं मुकाट्यानं सँडल घातल्या. बोळीतून येताना ती पुढे होती आणि मी मागे, आणि माझी पाठ पूर्ण वेळ गार होती.

पब उघडला होता. दोन गोरे म्हातारे बारपाशी बसले होते. अंकल टॅन चिवड्याची डबी पुढ्यात घेऊन एकेक दाणा खात होता.

"सो फास्ट?" तो म्हणाला. "टू हॉट इनसाइड, इज इट? सॉरी लाह. एअरकॉन स्पॉइल, थ्री मंथ्स ऑलरेडी."

म्हणजे तीन महिने एसी बंदच होता. मी विचारलं, तुम्ही सामान बांधायला घेतलंत का? आत्ता, मघाशी?

"नॉट येट. फ्रायडे देन स्टार्ट." मग माझ्याकडे निरखून बघत त्यानं खुर्ची ओढली. "आंटी, यू सिट. यू ड्रिंक समथिंग."

आम्ही बसलो नाही. ट्रेनमध्ये वसुधा खिडकीतून बाहेर बघत होती. क्लेमेंटी स्टेशनच्या पुढे मी म्हटलं, "मला माफ कर."

"कशाबद्दल?"

मी पुढचं स्टेशन कुठलं ते बघायला लागले.  बुकित बातोकला उतरून ती बसनं पुढे गेली, आणि मी रात्रभर जागी राहिले. पहाटे साडेपाचला फोन केला. तिनं उचलला. म्हणाली, "झोप आता. आहे मी."

त्या चार दिवसांत मी रोज तिच्याकडे गेले. तिनं सगळं सामान बांधलं. प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरात आत काय आहे ते लिहिलं. तिसऱ्यांदा तिकीट रद्द करेल ही माझी भीती तिला दिसत असणार, कारण शुक्रवारी तिनं स्वतःहून बोर्डिंग पास काढून मला दाखवला. "झालं समाधान?"

पण ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नव्हती. पाहुणीशी बोलावं तसं नीट बोलत होती.

९

रविवारी चांगी विमानतळावर श्रीधर गाडी लावायला गेला आणि आम्ही दोघी ट्रॉलीपाशी राहिलो. सकाळचे दहा वाजले होते. आजूबाजूला शाळेच्या सहलीला निघालेली पोरं, बॅगा, हाका.

"विनीता," ती म्हणाली, "त्या दिवसाबद्दल एकदाच बोलते. मग कधी नाही."

"बोल."

"तू दिलंस आणि मी घेतलं. सवय. मला कळलंच नाही मी काय म्हटलं." ती पासपोर्टचं पाकीट हातात फिरवत होती. "त्याला कळलं. त्यानं लगेच विचारलं, हे वाक्य कुणाचं? मी असं लिहिलेलं नाही."

मी ट्रॉलीची दांडी धरली.

"मी सांगितलं. खोटं कसं बोलणार त्याच्याशी? तुझं नाव सांगितलं."

"रागावला?"

"नाही गं." तिच्या चेहऱ्यावर क्षणभर तो मंगळवारचा उजेड आला. "तो कधी तुझ्यावर रागावलाय? काही बोललाच नाही. तुझ्या बाजूला बघायला लागला. पडद्यामागून डोकावून बघतात ना, प्रेक्षक किती आलेत म्हणून, तसं. मी खाली उतरले तेव्हाही तिकडेच बघत होता. माझ्याकडे पाहिलंही नाही." तिनं पाकीट मुठीत दाबलं. राग होता की दुःख, मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही. "आणि काय सांगू? तेव्हापासून मला शांत झोप लागतेय."

"बरं केलंस नाव सांगितलंस," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. तिनं मला घट्ट मिठी मारली. मग पाकीट सावरत, साडीचा पदर खोचत, ती काचेच्या दारातून आत गेली.

मी निहारिकाला मेसेज केला, आई निघाली. तिचं उत्तर लगेच आलं, नुसती हृदयं. श्रीधर कुठल्या मजल्यावर गाडी लावून येतोय कोण जाणे, अजून आला नव्हता. मला परत जायला फक्त वळायचं होतं. पाठीला मात्र बोळीतला तोच गारवा लागत होता. वसुधा दिसेनाशी झाली, तिच्यामागची रांगही संपली, तरी मी त्या काचेकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिले.